पावसाच्या नावावर

जुलै महिन्यात आंबोलीत काहीही बिघडलं तरी कारण शोधत बसावं लागत नाही. काडी पेटली नाही, पाऊस. एसटी चुकली, पाऊस. दार फुगून चौकटीत अडकलं, पापड सादळले, वीज गेली आणि दोन दिवस आली नाही, सगळं पावसाच्या नावावर. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या गावात हे कारण खोटं पाडणं अवघड. खोटं पाडता येत नाही म्हणूनच ते सगळ्यांच्या सोयीचं. मी खिडकीशी बसून ही प्रस्तावना लिहितो आहे आणि समोरचा डोंगर सकाळपासून दिसलेला नाही.

पुस्तकाचा विषय ऐकून शेजारी हसले. कारखान्यातलं उत्पादन कुठे आणि का बुडतं हे संगणकाला शिकवून शोधायचं, आणि त्याची प्रस्तावना कुठे लिहायची, तर जिथे कारखान्याचा भोंगाही ऐकू येत नाही तिथे! पण या डोंगरांतून कारखान्यांकडे दोन वाटा जातात. एक पाण्याची. गावात उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे जाते. गवसे, हरळी आणि संकेश्वरचे साखर कारखाने तिच्याच खोऱ्यातल्या उसावर उभे आहेत. संकेश्वरच्या कारखान्याने तर नदीचं नावच घेतलं आहे. दुसरी वाट वाळूची. याच सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघते आणि ट्रकांतून घाट चढून कोल्हापूरच्या फाउंड्रींत जाते. माझी नोकरीची सगळी वर्षं या वाळूशी भांडण्यात गेली.

ओतकामात साचा वाळूचाच. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी. पाण्याचं प्रमाण साधारण तीन ते चार टक्के. ते जरा वाढलं, की सुमारे १४०० अंशांच्या लोखंडाच्या रसाने त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. तोच ब्लोहोल. कमी पडलं, की साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळू कास्टिंगमध्ये जाते. अर्ध्या टक्क्याचा हा खेळ, आणि वर आभाळ फाटलेलं. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यातच आम्ही म्हणून ठेवायचो, ‘पाऊस लागला, आता रिजेक्शन वाढणार.’ म्हणून ठेवलं की वाढायचंही. मग चौकशी कसली करायची?

हातातलं पुस्तक ज्या प्रश्नाभोवती फिरतं तो मला इथेच सापडतो. पाऊस हे कारण आहे, की नुसती सोबत?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर ओतला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं सांगून शेतकऱ्यांनी तो नाकारला होता. जमीन नासल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण कारण तयार होतं. पुढे १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापुरात उद्यमनगर वाढलं, ऑइल इंजिनं बनू लागली, त्यांच्यासाठी फाउंड्री आल्या, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल धरून या भागात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. या सगळ्या काळात दोष शोधण्याचं मुख्य साधन होतं मिस्त्रीची मूठ. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, बोटांचे ठसे नीट उमटलेत का बघायचं, मग तो गोळा मधोमध मोडायचा आणि तुटलेल्या कडेकडे पाहायचं. प्रयोगशाळेतली कॉम्पॅक्टॅबिलिटीची चाचणी म्हणजे त्याच मुठीला मोजपट्टी लावलेली. चांगल्या मिस्त्रीची मूठ यंत्रापेक्षा लवकर बोलायची. अडचण एवढीच, की ती मूठ एका पाळीपुरतीच हजर असायची. रात्रीच्या पाळीला काय घडलं हे तिला माहीत नसे, आणि मागच्या ऑगस्टची आठवण ती आपल्या मतलबाप्रमाणे ठेवी.

उत्पादन बुडणं म्हणजे नेमकं काय, याचा हिशेब जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी पद्धतशीर मांडला. मशिन किती वेळ चालू होतं, चालू असताना किती वेगाने चाललं, आणि जे निघालं त्यातलं चांगलं किती, या तिघांचा गुणाकार करायचा. नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के, नव्व्याण्णव टक्के. परीक्षेत तिन्ही विषयांत असे गुण मिळाले तर घरात पेढे वाटतील. गुणाकार येतो ८४.६. नाकाजिमांनी उत्तम कारखान्याची पातळी म्हणून जो पंच्याऐंशीचा आकडा सांगितला तो हाच. पहिल्यांदा हा गुणाकार करणाऱ्या मालकांचे चेहरे मी पाहिले आहेत. ‘आमची फाउंड्री तर चोवीस तास चालते,’ असं म्हणणाऱ्याचं उत्तर निम्म्यावर आलं की तो आधी कॅल्क्युलेटर बदलून बघतो.

बुडालेला भाग कुठे गेला हे नाकाजिमांनी सहा खान्यांत सांगितलं: मोठे बिघाड, साच्याचा पॅटर्न बदलण्यात आणि जुळवाजुळवीत गेलेला वेळ, बारीकसारीक थांबे, मंदावलेला वेग, खराब माल, आणि सुरुवात करताना वाया गेलेलं. यातला तिसरा खाना सगळ्यांत बेरकी. दोन मिनिटांचा थांबा कुणी लिहीत नाही. पाळीत असे चाळीस थांबे झाले तर ऐंशी मिनिटं गेली, आणि वहीत त्या दिवशी ‘ब्रेकडाउन निरंक’.

वहीबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण या पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण वहीवरच आहे. फाउंड्रीतली लॉगबुकं मी हजारांनी चाळली आहेत. ती पाळी संपताना, कपडे बदलायच्या आधी, एकदम लिहिली जातात. म्हणून थांब्यांची मिनिटं नेहमी दहा, पंधरा, तीस. सात मिनिटांचा थांबा आमच्या वहीत कधी झालाच नाही. कारणांच्या रकान्यात ‘मेकॅनिकल’, ‘इलेक्ट्रिकल’ आणि ‘इतर’. वर्षअखेरीला बेरीज केली की ‘इतर’ सगळ्यांत मोठा. दुसरी अडचण घड्याळांची. वाळूचा नमुना मिक्सरपाशी दहा वाजता घेतला. ती वाळू साच्यात गेली साडेदहाला, रस ओतला अकराला, कास्टिंग झटकून बाहेर आलं दुपारी, आणि ब्लोहोल दिसला तीन आठवड्यांनी, ग्राहकाकडे मशिनिंग करताना. आता तो ब्लोहोल वहीतल्या कुठल्या ओळीशी जोडायचा? कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या रसाच्या खेपेचा क्रमांक, असतो, पण एका हीटमध्ये अनेक साचे भरतात. हे जोडकाम नीट झालं नाही तर पुढचं सगळं गणित चुकीच्या पत्त्यावर टाकलेली पत्रं. लेखकांनी यावर साठ पानं खर्च केली आहेत. घाई असलेला वाचक ती ओलांडून जाईल आणि पुढे हात चोळत परत येईल.

आता यंत्र शिकतं म्हणजे काय करतं? त्यातल्या सगळ्यांत समजण्याजोग्या पद्धतीला निर्णयवृक्ष म्हणतात. लिओ ब्रायमन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं त्यावरचं पुस्तक १९८४ चं. हजारो कास्टिंगची नोंद यंत्रापुढे ठेवली, की ते एकेक प्रश्न विचारून ढीग वेगळे करतं. ओलावा ३.८ पेक्षा जास्त होता का? हो म्हणणारे डावीकडे, नाही म्हणणारे उजवीकडे. डावीकडच्या ढिगात पुन्हा: परत आलेली वाळू गरम होती का? असं करत करत खराब माल एका कोपऱ्यात गोळा होईल असे प्रश्न ते स्वतः निवडतं. एक झाड लहरी असतं, दोन-चार नोंदी बदलल्या की वेगळंच बोलतं. म्हणून ब्रायमननीच २००१ मध्ये झाडांचं रान लावलं. प्रत्येक झाडाला नोंदींचा वेगवेगळा वाटा दाखवायचा आणि शेवटी सगळ्यांची मतं घ्यायची. मिस्त्रीच्या मुठीला जे एकावेळी दोन-तीन गोष्टींचं नातं कळायचं, ते इथे तीस-चाळीस गोष्टींचं, तिन्ही पाळ्यांचं आणि मागच्या पाच वर्षांचं कळतं. एवढंच. पण हे ‘एवढंच’ लहान नाही.

जगातला मोठा नमुना बघायचा तर बॉश कंपनीने २०१६ मध्ये आपल्या उत्पादन-ओळींची माहिती स्पर्धेसाठी जाहीर केली होती. सुमारे बारा लाख सुटे भाग, प्रत्येकावर शेकडो मोजमापं, आणि त्यात खराब निघालेले फक्त ०.५८ टक्के. ‘सगळे भाग चांगले’ असं डोळे मिटून सांगणारा बावळटसुद्धा तिथे नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरतो. म्हणून ‘आमचं सॉफ्टवेअर नव्व्याण्णव टक्के अचूक आहे’ असं सांगत कुणी तुमच्या ऑफिसात आला तर त्याला चहा द्या आणि विचारा, खराब माल किती पकडला आणि चांगला किती फेकला?

पावसाकडे परत येतो.

मी ज्या एका फाउंड्रीत होतो तिथे अशा झाडांच्या रानाने उत्तर दिलं: ब्लोहोलमागे सगळ्यांत वर हवेतली आर्द्रता. मंडळी खूश. आम्ही तरी काय म्हणत होतो? संगणकानेही पावसाच्याच नावावर टाकलं. त्यावर पैसे खर्चून मिळालं काय, तर जे जूनच्या पहिल्या आठवड्यात फुकट म्हणत होतो तेच. एका तरुण इंजिनिअर मुलीला मात्र ते पटेना. तिने दमट दिवसांतलीच कास्टिंग वेगळी काढली आणि त्यांत फरक कशाने पडतो ते बघितलं. आतली पोकळी घडवायला जो वाळूचा गाभा ठेवतात, तो कोअर, आमच्याकडे सोडियम सिलिकेटचा, सीओटू पद्धतीचा होता. तो पापडासारखाच सादळतो. ज्या दिवशी बनवला त्याच दिवशी वापरलेला कोअर भर पावसातही बरा चालत होता. रात्रभर रॅकवर राहिलेला दगा देत होता. मग तिने उलटी बाजू तपासली. कोरड्या महिन्यांतही साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी रिजेक्शन थोडं चढत होतं, कारण त्या दिवशी आधीचे शिळे कोअर वापरले जात. ते चढणं इतकं लहान होतं की तोवर कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. आणि कोअर शिळे का होत? कारण कोअर-शॉपचा माणूस पॅटर्नचा आठवड्याचा पक्का आराखडा न मिळाल्याने भरपूर करून ठेवी. हा आराखडा ऑफिसातून निघे आणि दुपारनंतर बदले.

तरीही हे सगळं सोबतच. खात्री व्हायला काहीतरी हाताने बदलावं लागतं. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेतावर जे शिकवलं तेच तिने केलं: एकच पॅटर्न, एकच पाळी, आणि नाणं उडवून ठरवायचं की हा कोअर बल्ब लावलेल्या बंद कपाटात राहील की जुन्या उघड्या रॅकवर. नाणं उडवताना बघून सुपरवायझर वैतागले, कारखान्यात जुगार नको म्हणाले. पण चार आठवड्यांनी फरक आकडेमोड न करताही दिसत होता. पाऊस तेवढाच पडत होता.

उलटं उदाहरण अधिक कडू आहे. दुसऱ्या एका ठिकाणी यंत्राने सांगितलं, की एका ठरावीक मोल्डरच्या हातचा माल सर्वाधिक खराब निघतो. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत. तीस वर्षांचा हात. व्यवस्थापनाने यादी बघितली आणि मामांना बोलावणं गेलं. ते आले, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘साहेब, अवघड पॅटर्न कुणाला देता?’ पातळ भिंतीचं, आत गुंतागुंतीचे कोअर असलेलं बहुतेक काम वर्षानुवर्षं मामांकडे जात होतं, कारण दुसऱ्यांना ते सहसा झेपत नसे. पॅटर्नवार मोजलं तर प्रत्येक पॅटर्नमध्ये मामांचं रिजेक्शन इतरांपेक्षा कमी. एकत्र मोजलं तर सर्वांत जास्त. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. शॉपमध्ये याला अन्याय म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की माणसाच्या नावाचा रकाना पहिल्या फेरीत यंत्राला दाखवूच नये. लेखक या बाबतीत माझ्याइतके कडक नाहीत. ते म्हणतात की नाव काढलं तरी पाळी आणि मशिन नंबर यांच्या आडून माणूस ओळखू येतोच. तेही खरं आहे. पण एकदा का लॉगबुक म्हणजे आरोपपत्र असं कामगारांना वाटलं, की दुसऱ्या दिवसापासून ‘इतर’चा रकाना भरायला लागतो, आणि मग कुठलंही यंत्र काही शिकू शकत नाही.

साखर कारखान्यांकडे जरा वळतो, कारण वेळ बुडाल्याची नोंद ठेवण्यात त्यांच्याइतकी जुनी शिस्त आपल्याकडे फार थोड्यांना आहे. गाळप किती तास बंद, ते यांत्रिक कारणाने, प्रक्रियेमुळे, साफसफाईसाठी की ऊस नसल्याने, हे हंगामभर तासामिनिटांत लिहिलं जातं. ऊस नसल्याने बंद याला तिथे सरळ ‘नो केन’ म्हणतात. ‘नो केन’ वाढलं की खापर शेतकी विभागावर, तोडणी टोळ्यांवर, बैलगाड्यांवर. पण नोंदी वेळेनुसार ओळीने लावल्या तर कधी कधी दिसतं, की ‘नो केन’च्या आदल्या दिवशी गिरणीत मोठा बिघाड झाला होता. गाड्या अड्ड्यावर खोळंबल्या, वाहतूकदार वैतागले, तोड थांबवली, आणि गिरणी दुरुस्त झाली तेव्हा अड्डा रिकामा. वहीत दोन वेगळ्या कारणांखाली दोन नोंदी पडल्या. घडलं होतं एकच. खोळंबलेला ऊस शिळा होऊन साखरेचा उतारा घसरला तो तिसऱ्याच तक्त्यात. एका ओळीतली माहिती त्याच ओळीत संपते असं धरून चालणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही. त्याला आधीचे तास शेजारी मांडून द्यावे लागतात, आणि किती तास मांडायचे हे अड्ड्यावर उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असतं.

एका प्रकरणाविषयी आधीच सावध करतो. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये एक प्रश्न सोडवला: अनेकांनी मिळून काही कमावलं तर कुणाला किती द्यावं? त्याच युक्तीने आता यंत्राच्या अंदाजाचं श्रेय वाटलं जातं. अमुक कास्टिंग खराब निघेल असं यंत्र म्हणालं, तर त्यात ओलाव्याचा वाटा इतका, तापमानाचा इतका. रंगीत आलेख फार सुंदर दिसतात आणि मीटिंगमध्ये लगेच पटतात. पण ही वाटणी यंत्राच्या अंदाजाची आहे, दोषाची नाही. कोकणात वाटणीचे कागद वाचलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि आंबे काढतो कोण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक फजिती सांगून टाकतो, कारण ती पुस्तकात नाही. आमच्या पहिल्याच प्रयत्नात यंत्र जवळजवळ कधीच चुकेना. आम्ही हरखलो. मग कळलं, की नोंदींमध्ये ‘फेटलिंगला लागलेला वेळ’, म्हणजे कास्टिंग साफ करायला लागलेला वेळ, हा रकाना राहून गेला होता. खराब कास्टिंग फेटलिंगवाले पाच मिनिटं उलटसुलट करून बघत आणि बाजूला टाकत, म्हणून त्याचा वेळ वेगळा यायचा. यंत्राने दोषाचं कारण शोधलं नव्हतं. निकाल लागल्यावर पेपर बघितला होता.

पुस्तकाशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून आहे. छायाचित्रांवरून दोष ओळखणाऱ्या खोल जाळ्यांवर दोन लांब प्रकरणं आहेत. चाळीस माणसांच्या फाउंड्रीला त्यांचा आज उपयोग नाही, आणि दोष ओळखणं व दोषाचं कारण शोधणं यांची तिथे गल्लत होण्याचा धोका आहे. त्याऐवजी आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कास्टिंगच्या दोषांवर केलेल्या कामाला जास्त जागा द्यायला हवी होती. रस साच्यात कसा गोठतो याचं विज्ञान आणि नोंदींचं गणित एकमेकांना कसं आवरतं ते त्यातून कळतं. खर्चाची भीती मात्र कुणी बाळगू नये. इथे वापरलेली पायथनची साधनं फुकट आहेत. महाग पडते ती वही.

ज्यांना एवढं जाडजूड पुस्तक वाचायला वेळ नाही त्यांनी सरळ शेवटचं परिशिष्ट उघडावं. तिथे थांब्यांच्या नोंदीचा एक कोरा तक्ता आहे. त्यात ‘इतर’ हा रकाना नाही. त्याऐवजी एक रिकामी ओळ आहे, जिथे मोल्डरने आपल्या शब्दांत काय दिसलं ते लिहायचं. तो फाडून मशिनशेजारी टांगावा आणि सोबत दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवावी. पेन नको. इथे सकाळपासून तीन पेन बदलून बघितले. ओल धरलेल्या कागदावर एकही धड उमटला नाही, आणि या शेवटच्या ओळी मी पेन्सिलीनेच लिहितो आहे.